वाढवा

जे यंत्र घरात नव्हतं, दुकानात नव्हतं, या शहरातसुद्धा नव्हतं, त्याच्या तब्येतीची काळजी एक कंपनी दरवर्षी इमानेइतबारे घेत होती. काळजी म्हणजे काय, तर ठरलेल्या महिन्यात चष्मेवाल्यांच्या खात्यातून देखभालीचे पैसे कापून घ्यायचे आणि पुढच्या वर्षापर्यंत निवांत राहायचं. यंत्र होतं चष्म्याच्या काचा घासायचं. दुकान गेलं तेव्हाच ते दुसऱ्या गावच्या एका दुकानदाराने उचलून नेलं होतं. करार मात्र मागेच राहिला होता आणि वर्षागणिक आपोआप ताजा होत होता.

चष्मेवाल्यांच्या हे ध्यानात आलं तेही उशिराच. लोकांच्या डोळ्यांना नंबर लावण्यात या माणसाचं आयुष्य गेलं, पण स्वतःच्या फोनवर बँकेचा संदेश आला की तो हातभर लांब धरणार, डोळे बारीक करणार आणि जाहिरात असेल म्हणून खिशात टाकणार. शेवटी तो संदेश काकूंनी वाचला. काकू म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना चष्मेवाल्या काकू म्हणायची, आणि गंमत अशी की साठी उलटली तरी काकूंना चष्मा लागला नव्हता.

मग चष्मेवाल्यांनी कंपनीला फोन लावला. एक गोड आवाजाची बाई सांगायची, नवा करार हवा असेल तर एक दाबा, आहे तो पुढे चालू ठेवायचा असेल तर दोन दाबा, आणखी यंत्रं जोडायची असतील तर तीन दाबा. नको असेल तर काय दाबायचं, याबद्दल ती अवाक्षर काढत नव्हती. वैतागून त्यांनी एकदा सगळीच बटणं दाबली, तेव्हा तिने त्यांचे आभार मानले. कार्यालयात जाऊन आले, तर तिथला माणूस संगणकात बघून शांतपणे म्हणाला, की पहिल्या वर्षी तुम्ही स्वतः फोनवर होकार दिलाय, आमच्याकडे तुमचा आवाज आहे, आणि पुढच्या वर्षांसाठी तुम्ही नको म्हणाला नाहीत.

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" चष्मेवाल्यांनी विचारलं. तिथेच त्यांच्या डोक्यात राख गेली. पैसे कमीच होते तसे, पण खोटेपणाचा ठपका हा माणूस झोपेतही सहन करणारा नव्हता. त्यांनी ग्राहक तक्रार मंचाकडे अर्ज टाकला आणि तारखेची वाट बघत घरात येरझाऱ्या घालू लागले.

काकूंना या लढाईचं फारसं काही नव्हतं. पैसे गेले तर गेले, असं त्या म्हणायच्या. त्यांचं जे खरं गेलं होतं, त्याची तक्रार घेणारा मंच कुठे नव्हता.

त्यांचा एकुलता एक मुलगा, भिंग्या. खरं नाव वेगळं होतं, पण नीट चालताही येत नव्हतं तेव्हापासून तो दुकानातलं भिंग डोळ्याला लावून गिऱ्हाइकांकडे बघायचा, म्हणून बापानेच त्याला भिंग्या केलं. बाप काचा घासायचा, यंत्राखाली पाण्याबरोबर पांढरा गाळ टपटप गळायचा, आणि हा स्टुलावर बसून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने म्हणायचा. वाचायला शिकला तो त्या तक्त्यावरच. त्यामुळे शाळेत गेल्यावर पुस्तकातली खालची ओळ वरच्या ओळीएवढीच मोठी कशी, हे त्याला बरेच दिवस कळलं नव्हतं. पुढे तो डोळे तपासायचं रीतसर शिकला आणि लांबच्या शहरात एका मोठ्या दवाखान्यात लागला. सुट्टी मिळाली की यायचा, आल्यावर घरात कमी आणि दुकानात जास्त बसायचा.

आणि मग एका संध्याकाळी चष्मेवाले चेहरा पाडून घरी आले. भिंग्याचा फोन आला होता, आणि त्याने दुकान बंद करायला सांगितलं होतं. वर पैशाचं मी बघतो, असंही म्हणाला होता. एवढं बोलून ते हात धुवायला गेले ते जेवायला बसलेच नाहीत. उभं आयुष्य ज्या गल्ल्यावर काढलं, तिथून पोटच्या पोराने ऊठ म्हणावं, हे त्यांना जिव्हारी लागलं होतं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. महिन्याभरात दुकान मोडीत काढलं. मध्येच भिंग्याने पैसे पाठवले, चांगले घसघशीत, ते यांनी आल्या पावली परत केले. त्यानंतर मुलाने बापाला फोन केला नाही आणि बापाने मुलाला केला नाही. काकूंनी दोघांनाही खोदून खोदून विचारलं. बाप म्हणायचा, त्यालाच विचार. मुलगा म्हणायचा, जाऊ दे ना आई, झालं ते झालं. दोघांच्याही तोंडाला कुलूप, आणि किल्ली म्हणे दुसऱ्याकडे.

त्या अबोल्याचंही कराराइतकंच सोपं होतं. कुणी विचारत नव्हतं, कुणी सांगत नव्हतं, आणि तो आपला दरवर्षी पुढच्या वर्षात जात होता.

भिंग्याचा आईला फोन यायचा, पण बाप फिरायला बाहेर पडल्यावर. गुडघा कसा आहे, औषध संपलं का, तिकडे थंडी पडली का, असं तो विचारायचा. काकू उत्तरं द्यायच्या आणि शेवटी विचारायच्याच, की कधी येतोस. तो म्हणायचा, बघू. त्या 'बघू'वर काकूंनी कितीतरी वर्षं काढली. त्याच्या खोलीतली चादर त्या दर पंधरवड्याला बदलायच्या. कुणी न झोपलेली चादर धुवायची, वाळवायची, इस्त्री करायची आणि पुन्हा घालायची. चष्मेवाल्यांना ते दिसायचं, पण त्यांनी कधी हटकलं नाही. उलट एकदा काकूंना बरं नव्हतं, तेव्हा त्या खोलीत जाऊन बघतात तर चादर बदललेली होती. कोपरे वेडेवाकडे खोचले होते, म्हणजे कुणी घातली ते सांगायला नकोच. काकू त्या पलंगाच्या कडेला बसून रडल्या होत्या. या माणसालाही तो हवा आहे, हे त्यांना कळत होतं. पण कळून काय करणार? कुणी वाकायला तयार नव्हतं.

तारखेच्या दिवशी चष्मेवाले इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. काकू सोबत गेल्या त्या मुख्यतः नवऱ्याने तिथे आवाज चढवू नये म्हणून.

काकूंना वाटलं होतं सिनेमातल्या कोर्टासारखं काहीतरी असेल. प्रत्यक्षात ती एक लांबट खोली होती. भिंतीला कपाटं, एक कुरकुरणारा पंखा, आणि टेबलामागे मंचाच्या अध्यक्षबाई. बाईंचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. चष्मेवाल्यांचा एक हात खिशातल्या बारीक पेचकसाकडे जात होता आणि काकू तो कोपराने मागे ढकलत होत्या. समोर कंपनीचा माणूस होता, टाय लावलेला, विनम्र, लॅपटॉप उघडून बसलेला.

त्याने सांगितलं की ग्राहकाने स्वतः मुदत वाढवायला सांगितली, आणि पुरावा म्हणून फोनवरचं संभाषण ऐकवतो. बाईंनी मान हलवली. लॅपटॉपमधून आधी एका मुलीचा आवाज आला. काका, तुमचा करार संपत आलाय, काय करायचं त्याचं, असं ती विचारत होती. मग चष्मेवाल्यांचा आवाज आला, थकलेला, जरा त्रासलेला.

"अगं, दुकान वाढवलं आम्ही. आता तुमचं तेही वाढवा."

"म्हणजे वाढवायचा ना, काका?"

"हो, हो, वाढवून टाका. किती वेळा सांगू?"

"अभिनंदन, काका!" मुलगी म्हणाली, आणि फोन संपला.

कंपनीच्या माणसाने लॅपटॉप मिटला आणि हात जोडल्यासारखे करून बाईंकडे पाहिलं. त्याच्या दृष्टीने निकाल लागला होता. चष्मेवाले मात्र काकूंकडे वळून हळूच म्हणाले, "बघ, साफ सांगितलंय मी. आणि वर ती अभिनंदन म्हणाली. तेव्हाच मला तिचा राग आला होता."

अध्यक्षबाई हसू दाबत होत्या. त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, की दुकान वाढवलं म्हणजे काय, हे त्याला माहीत आहे का. तो म्हणाला, म्हणजे मोठं केलं. मग बाईंनी त्याला समजावून सांगितलं, की दुकानदार माणूस दुकान बंद केलं असं म्हणत नाही. बंद हा शब्द त्याच्या जिभेवर येत नाही, त्याला तो अशुभ वाटतो. म्हणून रोज फळी लावतानाही तो म्हणतो, वाढवलं. कायमचं उठवलं तरी म्हणतो, वाढवलं. दिवासुद्धा जुनी माणसं विझवत नाहीत, वाढवतात. या गृहस्थांनी तुम्हाला बंद करायलाच सांगितलं होतं.

कंपनीचा माणूस चाचरत म्हणाला, पण मॅडम, वाढवा म्हणजे वाढवाच ना, आमच्या मुलीला कसं कळणार?

"नाही कळलं, तर विचारायचं," बाई म्हणाल्या. "करार तुम्हाला हवाय ना? मग ज्याला हवंय त्याने नीट विचारायचं. चालू ठेवू की बंद करू, असं. शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर आपल्याला हवा तो उचलून चालू पडायचं नसतं. आणि पुढच्या वर्षी तर तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत. गप्प आहे म्हणजे होकारच आहे, असं धरून चाललात. माणूस गप्प का आहे, ते विचारल्याशिवाय कळत नाही."

पुढचं काकूंनी ऐकलं नाही. सगळ्या वर्षांचे पैसे परत करायचे, करार बंद करायची सोपी सोय फोनवर ठेवायची, मुदत संपण्याआधी दरवेळी ग्राहकाला कळवायचं, असं बरंच बाई बोलत होत्या. काकूंच्या कानात एकच गोष्ट घुमत होती. त्या संध्याकाळी नवरा चेहरा पाडून आला होता, तेव्हा त्याच्या तोंडात बंद हा शब्द नव्हताच. तो शब्द तो कधीच उच्चारत नसे. तो म्हणाला होता, भिंग्या म्हणतो, दुकान वाढवा. काकूंच्या घरात उभ्या जन्मात त्याचा एकच अर्थ होता, म्हणून त्यांनीही तोच धरला होता.

बाहेर आल्यावर चष्मेवाले हवेत होते. व्हरांड्यात शिपाई भेटला तर त्यालाही त्यांनी सगळी हकीकत सांगितली, मुलीच्या अभिनंदनासकट. काकूंनी त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, की त्या दिवशी भिंग्या फोनवर नेमकं काय म्हणाला होता, शब्द न् शब्द सांगा.

त्यांचा चेहरा लगेच बदलला. आता ते कशाला, असं ते म्हणाले. काकूंनी पुन्हा विचारलं.

"म्हणाला, बाबा, दुकान आता वाढवा, पैशाचं मी बघतो. मी म्हटलं, बरं, वाढवतो. संपलं. अजून काय हवंय तुला?"

"आणि त्याआधी?"

ते आठवायला लागले. आधी इकडचं तिकडचं बोलला होता. शेजारचा गाळा अजून रिकामाच आहे का, असं विचारत होता. एवढं म्हणून चष्मेवाले थांबले. हे वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं होतं, आणि ते त्यांनी ऐकलं होतं.

"छे," ते म्हणाले. "दुकानात वाढलाय तो. रोज ऐकायचा माझ्या तोंडून. त्याला कळत नाही?"

"घर सोडून किती वर्षं झाली होती त्याला? तिकडे कोण बोलतं असं? आतल्या त्या माणसाला तरी कळलं का?" काकू म्हणाल्या. "आणि एवढे पैसे कुणी दोन म्हाताऱ्यांच्या घरखर्चाला पाठवतं का हो?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते, की शर्टाने पुसू नका, काचेवर चरे पडतात.

काकूंनी फोन काढला. ही भिंग्याच्या कामाची वेळ होती आणि एरवी त्या या वेळी कधी फोन करत नसत. एका घंटीत त्याने उचलला आणि घाबरून विचारलं, की बाबांना काही झालंय का. बाबा ठीक आहेत, इथेच शेजारी बसलेत, असं काकूंनी सांगितलं, आणि फोनचा आवाज मोठा केला. मग आडपडदा न ठेवता विचारलं, की त्या वेळी तू बाबांना दुकान वाढवा म्हणालास, ते मोठं करा म्हणून, की बंद करा म्हणून?

"बंद?" भिंग्या म्हणाला. "आई, बंद कशाला म्हणेन मी? शेजारचा गाळा घ्या म्हणत होतो. तिथे तपासणीची खोली करणार होतो. मी परत येणार होतो गं."

काकूंनी बाकाची कड घट्ट धरली. भिंग्या बोलतच राहिला, इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर येत होतं. बाबा 'बरं, वाढवतो' म्हणाले, म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी नोकरीचा राजीनामा दिला होता. गाळ्याचा व्यवहार झाला की घरी सांगायचं, दोघांना चकित करायचं, असं त्याच्या मनात होतं. आणि मग पैसे परत आले. पाठोपाठ कुणाकडून तरी कळलं, की दुकानच विकलं. त्याला वाटलं, मुलाबरोबर बसण्यापेक्षा बापाला दुकान मोडणं बरं वाटलं. साहेबांच्या हातापाया पडून त्याने राजीनामा मागे घेतला होता.

"मग विचारायचं नाहीस का रे मला?" चष्मेवाले म्हणाले. फोनकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. किती वर्षांनी ते मुलाशी बोलले, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

"तुम्ही तरी कुठे विचारलंत, बाबा."

दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं, शेजारच्या गाळ्यात न्हावी बसत होता, आणि यंत्र कुठल्या कुठे परगावी काचा घासत होतं. कंपनी पैसे परत करणार होती. ती वर्षं परत करायला कुणी बांधील नव्हतं. चष्मेवाल्यांनी काकूंच्या हातातून फोन घेतला.

"भिंग्या, दुकान नाही आता आपलं."

"माहीत आहे, बाबा."

"तरी ये."

"येतो, बाबा," भिंग्या म्हणाला, आणि फोन बंद झाला.

काकूंना आता रडू आवरेना. पदराने डोळे पुसता पुसता त्या हसत होत्या, आणि त्यांच्या मनात येऊन गेलं, की बरं झालं, चादर कालच बदलली. चष्मेवाले मात्र फोनकडे टक लावून बसले होते.

"येतो म्हणाला," ते म्हणाले.

"हो ना."

"अगं, पण येतो तर माणूस निघतानाही म्हणतो. मी रोज घरातून बाहेर पडताना तुला काय म्हणतो? जातो म्हणतो का कधी?"

काकूंचं हसू मावळलं. व्हरांड्यातून लोक येत-जात होते, आतून पुढच्या तक्रारदाराला हाक मारत होते. चष्मेवाल्यांनी फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, मुलाचं नाव शोधलं आणि स्वतःच्या बोटाने ते दाबलं. घंटी वाजत राहिली. पहिल्या खेपेला कुणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला.

"भिंग्या," उचलल्याबरोबर ते म्हणाले, "येतो म्हणजे काय? घरी येतोस, की नुसता फोन ठेवलास? मला नीट सांग."

"घरी येतो, बाबा." भिंग्याला धड बोलता येत नव्हतं. "दवाखान्याच्या जिन्यात उभा आहे. रडताना कुणी बघू नये, म्हणून ठेवला."

"मग तसं सांगायचं," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी फोन कानाला अधिकच घट्ट लावला. "आणि आता ठेवू नकोस. बोलू नकोस हवं तर, पण ठेवू नकोस."